फुवांचं चिनी पाखरू

चिनी भाषेशी समोरासमोर झुंज घेतलेला माणूस तापीच्या काठावर आजवर एकच झाला, आणि ते आमचे फुवा. आमच्या पश्चिम खानदेशात पहिलवान झाले, घोड्याचा दात बघून त्याचं वय सांगणारे झाले, एका बैठकीत अठरा कळण्याच्या भाकरी संपवून एकोणिसावीला 'आता राहू दे' म्हणणारेही झाले. पण चिनी लिपीतल्या एका अक्षरासाठी चार वर्षं घरचं भांडण सोसलेला आणि त्या पायी एक धडधाकट दाढ उपटून दिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या अक्षरासमोर फुवा पहिल्या दिवशी जसे बसले, तसं कुणी देवासमोरही बसत नाही. आणि गंमत अशी, की त्यांना मराठीसुद्धा धड वाचता येत नव्हतं.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि फुवा म्हणजे तिचे यजमान. राहायचे कोरीटला, आणि मी नंदुरबारच्या मामलेदार कचेरीत कारकून. सुट्टी आली की मी कोरीटची वाट धरायचो. निमित्त फुईच्या हातच्या भाकरीचं, खरी ओढ फुवांच्या करमणुकीची. फुवांना एकच व्यसन होतं. कुठल्याही वस्तूचं नाव त्यांना नुसतं चालत नसे, त्या नावामागचं कारण लागत असे. "नाव शे, तं नावले कारन बी ऱ्हाई," हे त्यांचं ब्रीद. नंदुरबारच्या स्टेशनावर एकदा त्यांनी मास्तरांना विचारलं, "सिग्नलले सिग्नल कसाले म्हनतस?" मास्तर म्हणाले, "तो सिग्नल आहे म्हणून." एवढ्यावर दुसरा कुणी गेला असता. फुवा दर बाजारच्या दिवशी तोच प्रश्न घेऊन हजर होऊ लागले. शेवटी फुवांचं पागोटं फाटकाशी दिसलं की मास्तर तिकिटाची खिडकी लावून घेत, आणि धुळ्याकडचे चार उतारू फुकट खोळंबत. कापणीला सातपुड्यातून माणसं खाली उतरत, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांतली. फुवा त्यांना मजुरीच्या आधी पाखरांची नावं विचारत. मग एकाच पाखराचं डोंगरातलं नाव, आपल्या अहिराणीतलं नाव, सुरतेकडच्या व्यापाऱ्याने सांगितलेलं नाव आणि माझ्यासारख्या शिकलेल्याने पुस्तकातून आणलेलं नाव, अशी चार नावं चार बोटांवर मोजून ते हताश होऊन म्हणत, "बापू, याम्हानं खरं कोनतं? पाखरूलेच इचारनं पडी." आणि खरंच, एका दुपारी बांधावर तित्तिरासमोर ते दोन तास उकिडवे बसलेले मी पाहिले आहेत. तित्तिर काही बोलला नाही, पण उडूनही गेला नाही. त्यालाही बहुधा उत्सुकता वाटली असावी.

फुवांचा उजवा हात कोपरापासून अधू होता, आणि तोही एका नावापायीच. तरुणपणी सारंगखेड्याच्या जत्रेत त्यांनी एक घोडा पाहिला. विकणाऱ्याने त्याचं नाव 'गाय' ठेवलं होतं. घोड्याचं नाव गाय! फुवांनी चाल पाहिली नाही, दात पाहिले नाहीत, घोडा घेऊन टाकला. त्या गायीने तापी ओलांडायच्या आत त्यांना पाठीवरून फेकलं आणि वर लाथ मारली. हाड वाकडं बसलं, हात लोंबता राहिला. पण रडतील ते फुवा कसले? हात गळ्यात बांधून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जत्रेत गेले. भांडायला नव्हे हो. "याले गाय कसाले म्हनस?" एवढंच विचारायला. विकणारा तोवर पसार झाला होता, आणि ही एक गोष्ट कळायची राहून गेली याची हळहळ फुवांना हाताहून जास्त होती.

फुईचा डावा डोळा लहानपणीच देवीत गेला होता. उरलेल्या डोळ्यालाही लांबचं धुरकट दिसे. ती गावभर तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होती, पण एका शब्दापुढे तिचं तोंड बंद व्हायचं. तो शब्द म्हणजे काणी. माहेरी पोरी तिला काणी म्हणायच्या, आणि लग्नात वरपक्षाच्या एका बाईने बोहोल्याजवळच तो शब्द उच्चारला होता, हे ती म्हातारपणीही विसरली नव्हती. तेव्हा नवरानवरी एकमेकांना आधी कुठे बघत? फुवांनी तिचा चेहरा पाहिला तो घरी आल्यावर. त्यांनी, सवयीप्रमाणे, एक प्रश्न विचारला, "ह्या बाजूथीन कोन्ही उनं तं दिसस का?" ती म्हणाली, नाही. त्या दिवसापासून फुवा कायम तिच्या डाव्या बाजूला. जेवताना, गाडीत, देवळाच्या पायरीवर, सगळीकडे. बाकीचे पुरुष बायकोच्या दहा पावलं पुढे चालत. फुवा मात्र डावीकडून रेटून चालत, आणि गाव त्यांना हसे.

नाव मात्र दोघांनी एकमेकांचं कधी घेतलं नाही. त्या पिढीत कुणीच घेत नसे, पण आमच्याकडे त्याची कमाल होती. खानेसुमारीचा माणूस आला तेव्हा फुवा शेतात होते. त्याने फुईला विचारलं, "घरधन्याचं नाव काय?" ती उठली, चार घरं ओलांडून गेली आणि नाव सांगायला शेजारणीला हाताला धरून घेऊन आली. परत जाताना त्या माणसाला बांधावर फुवा भेटले. "तुमच्या मंडळींचं नाव?" "ती घरमा शे, तिलेच इचार." फुई फुवांना हाक मारायची ती "आयकी ऱ्हायनात का?" आणि फुवा तिला "अवं". जगातल्या प्रत्येक वस्तूच्या नावाची उठाठेव करणाऱ्या माणसाच्या घरात दोन माणसं बिननावाची नांदत होती.

आता माळ्यावर चला. हिवाळ्यात दादर ज्वारी दाण्यावर आली की पाखरांचे थवे उतरतात, आणि शेताच्या मधोमध माळा बांधून वरून गोफण चालवावी लागते. फुवांना एका हाताने गोफणीत धोंडा भरता येईना. डाव्या हाताने एकदा हट्टाने फिरवली, तर धोंडा मागे जाऊन त्यांच्याच बैलाच्या पाठीत बसला. फुईचे दोन्ही हात दणकट, पण पाखरू कुठे बसलंय ते तिला दिसेना. तेव्हा दोघं माळ्यावर चढत. गोफण फुई फिरवी आणि डोळे फुवांचे. "डावं. अजून डावं. जरासं वर. हां, सोड!" धोंडा सणसणत जाई. आणि वाचकहो, मी स्वतः त्या माळ्यावर हुरडा खात बसून मोजलं आहे. धोंडा कधीही पाखराच्या आसपाससुद्धा पडत नसे. पाखरू उजवीकडे असलं की फुवा हमखास डावीकडे सांगत. मी एकदा भुवया उंचावल्या, तर त्यांनी मला डोळा मारला. पाखराला उडवायचं, लागू द्यायचं नाही, हा त्यांचा बेत, आणि फुईला तो कळू द्यायचा नाही, हा त्याहून मोठा बेत.

असाच एक रविवार. मी माळ्याखाली आगटीजवळ बसलो होतो. बांधावरून एक चिनी फेरीवाला आला. त्या काळी असे रेशीमवाले रेल्वेने यायचे आणि पाठीवर गाठोडं घेऊन खेडोपाडी चालत हिंडायचे. उंच, वाळलेला, पन्नाशीतला माणूस. माळ्याखाली येऊन तो थबकला. वर 'डावं, अजून डावं' चाललं होतं. तो फुईकडे पाही, फुवांच्या लोंबत्या हाताकडे पाही, पुन्हा फुईकडे. धोंडा सुटला, थवा उडाला, आणि तो माणूस हसायला लागला. साधं हसू नव्हे. गाठोडं खाली टाकून, बांधावर बसून, डोळ्यांतून पाणी येईतो. मग उठला, आपला एक डोळा मिटून दाखवला, एक हात पाठीमागे नेला, दुसरा हात पंखासारखा हलवला, आणि गोल फिरला. फुई वरून पाहत होती. धुरकट डोळ्याला एवढं मात्र लख्ख दिसलं.

त्याने गाठोड्यातून कागद काढला, बारीक कुंचला काढला, पाण्यात शाई घोटली आणि फार जपून एक अक्षर लिहिलं. एवढ्या रेघा, की मला वाटलं घराचा नकाशा काढतोय. कागद खाली उतरून आलेल्या फुवांच्या हाती दिला, फुवा-फुई दोघांकडे बोट केलं, आभाळाकडे बोट केलं, एक आवाज उच्चारला, वाकून नमस्कार केला आणि काहीही न विकता निघून गेला. आवाज आम्ही तिघांनीही ऐकला, आणि तिघांनीही घरी पोचेपर्यंत घालवला. फुवा म्हणाले, घंटेसारखा होता. मला तो शिंकेसारखा वाटला होता.

फुईला आवाजाशी कर्तव्य नव्हतं. ती चुलीपुढे बसून एवढंच म्हणाली, "त्यानी माले काणी म्हनं. तोंडवर म्हनं, नि कागदवर लिखी बी दिन्हं."

"अवं, तुले काय ठावं त्यानी काय लिखं?"

"मंग तो माले दखीसन कसाले हासना? डोया मिटीसन दखाडा का नही?"

फुवांनी कागदाची घडी करून ती पागोट्यात खोवली. ती म्हणाली, "जवलग तुम्ही त्यानी काय लिखं ते सांगतस नही, तवलग मी शेतमा येवाव नही." आणि ती खरोखर आली नाही. माळा ओस पडला. फुवा एकटे चढत आणि, माणूस सवयीचा गुलाम, मोकळ्या हवेला सांगत, "डावं. अजून डावं." पाखरं निवांत दाणे टिपत.

मग फुवांनी कंबर कसली. आधी माझ्याकडे आले, कारण घराण्यातला शिकलेला मीच. मी कागद सरळ धरला, आडवा धरला, आणि 'बघतो' म्हणालो, जसं कचेरीत म्हणतात. मग ते नंदुरबारच्या एका मारवाडी शेठकडे गेले, कारण त्यांच्या दुकानातल्या चहाच्या खोक्यावर अशीच अक्षरं होती. शेठजींनी चष्मा लावून कागद उलटा धरला आणि गंभीरपणे 'माल अव्वल आहे' असा निर्वाळा दिला. शाळामास्तर म्हणाले, ही मोडीच आहे, लिहिणाऱ्याचं अक्षर वाईट. एका भटजींनी तो कागद ताईत करून दंडाला बांधायला सांगितलं, निदान हात तरी बरा होईल.

शेवटी फुवा स्वतःच त्या अक्षरासमोर बसले. रोज दुपारी, ओसरीवर, कागद पाटावर ठेवून. आणि इथे मला टोपी काढावी लागते. पंधरा दिवसांनी मी गेलो तर ते म्हणाले, "बापू, हाई एक नही, दोन शेत." आणि त्यांनी काडीने दाखवलं. अक्षराचे दोन भाग होते, डावा आणि उजवा. उजवा भाग म्हणजे पाखरू. ही चोच, ही पाठ, ही शेपटी, खाली चार ठिपके म्हणजे पाय नाहीतर पिसं. मी वाकून पाहिलं. पाखरूच होतं. आणि डावीकडे? "मूठ शे हाई. दोन धांडा धरेल शेत." दोन उभ्या रेघा, त्यांना आडवा पकडणारा बोटांचा पंजा. ज्याने आयुष्यभर ज्वारी कापली त्यालाच हे दिसावं. मुठीत धरलेले दोन धांडे, म्हणजे ज्वारीची ताटं, आणि शेजारी एक पाखरू.

आनंदाच्या भरात फुवांनी फुईला बोलावलं, आणि घात केला. फुईने कागद नाकाशी नेला, उजवा भाग निरखला आणि म्हणाली, "पाखरू शे ना? मंग याले डोया कितला?"

डोळा एकच होता.

"अवं, बाजूथीन काढेल पाखरूले दोन डोया कसा दिसतीन?" फुवा कळवळून म्हणाले. पण फुई आत निघून गेली होती, आणि भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. ज्या अक्षराने तिची समजूत काढायची, त्यानेच तिच्या बाजूने साक्ष दिली होती.

पुढच्या थंडीत सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यांच्या रांगेपलीकडे एक चिनी दातवैद्य तंबू ठोकून बसल्याची बातमी आली. फुवा मला घेऊन निघाले. तंबूबाहेर उपटलेल्या दातांची माळ टांगली होती. वैद्य आखूड, गोल, आणि कामात इतका बुडालेला, की ज्याचा दात दुखत नाही त्याच्याशी तो बोलायलाच तयार नव्हता. फुवांनी कागद पुढे केला. त्याने तो बाजूला सारला आणि खुर्ची दाखवली. फुवांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा चिमट्याकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसून तोंड उघडलं. मी ओरडलो, "फुवा, तुमचे दात शाबूत आहेत!" ते तोंड उघडं ठेवूनच काहीतरी म्हणाले, त्याचा अर्थ 'गप बस' असा असावा. ती दाढ इतकी धट्टीकट्टी होती, की ती उपटताना वैद्याला दोनदा घाम पुसावा लागला.

मग, तोंडात कापूस कोंबलेल्या अवस्थेत, फुवांनी कागद पुन्हा पुढे केला. वैद्याने तो उजेडात धरला. डोकं खाजवलं. हे अक्षर त्याने जन्मात पाहिलं नव्हतं! चिनी माणसाला चिनी अक्षर येऊ नये? फुवांचे डोळे पांढरे झाले. पण वैद्य त्याच्या मोडक्या हिंदीत समजावू लागला. त्यांच्याकडे अक्षरं इतकी, की सगळी कुणालाच येत नाहीत. अडलं की एक रीत आहे. अक्षराच्या एका अंगात वस्तू असते, दुसऱ्या अंगात आवाज असतो. तेव्हा आवाजाचं अंग वाचायचं आणि पुढे जायचं. त्याने उजव्या भागावर बोट ठेवलं, मग डाव्या भागावर. "आधा चिड़िया, आधा आवाज. आवाज, कीम."

"नि म्हंजे काय?" फुवांनी कापसातून विचारलं. वैद्याने खांदे उडवले. असेल कुठलंतरी पाखरू.

घरी आल्यावर फुईने सगळं ऐकून घेतलं, सुजलेल्या गालाकडे पाहिलं, आणि मिठाच्या पाण्याचा तांब्या पुढे ठेवत म्हणाली, "दात पुरा दिन्हा, नि अर्धं वाचीसन उनात!" हसू तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण माळ्यावर ती चढली नाही.

मधे दोन हिवाळे गेले. एका सकाळी कचेरीसमोर मला तोच उंच, वाळलेला चिनी दिसला. आता गाठोड्याला सायकल होती आणि हिंदी बरी झाली होती. मी फायली तशाच टाकल्या, त्याला सायकलसकट एका बैलगाडीत चढवलं आणि कोरीट गाठलं. वाटेत मी त्याला पहिल्यांदा दम दिला, मग विनवणी केली. माझ्या फुईचा मामला होता, आणि त्याने खोटं सांगायचं नव्हतं, पण खरं वाईट निघालं तर मला ते ऐकायचंही नव्हतं. ओसरीवर फुवांनी पाट मांडला, कागद ठेवला. घडीच्या रेघांवर तो फाटायला आला होता. फुई दाराआड उभी होती, पदर डोळ्यापर्यंत ओढून.

पाहुण्याने कागद ओळखला. "ज्येन," तो म्हणाला.

"कीम!" फुवा ओरडले. एक दाढ पणाला लागली होती, साहजिक आहे. "कीम शे. तुन्हाच देशना मानूसनी सांगं."

पाहुणा हसला. तो माणूस दक्षिणेचा असेल, म्हणाला. आमच्याकडेही दर वीस कोसांवर बोली बदलते. लिहितात सगळे एक, बोलतात आपापलं. फार जुन्या काळी हा आवाज काय होता ते आता कुणी सांगू शकत नाही. झिजून झिजून आमच्याकडे ज्येन झाला, त्यांच्याकडे कीम राहिला. आणि त्या दातवाल्याने अर्धंच वाचलं, पण बरोबर वाचलं. मात्र मूठ इथे नुसत्या आवाजासाठी नाही. एका मुठीत दोन धांडे म्हणजे दोन मिळून एक.

"मी सांगं व्हतं! मूठ शे!" फुवांनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली, की ती मला अजून आठवते.

आणि मग त्याने पाखरू सांगितलं. बसल्या जागी एक डोळा मिटला, एक हात पाठीशी नेला, अगदी त्या दिवशीसारखा. "एक आँख, एक पंख. अकेला गिरेगा. दो मिले, एक बाजू तू, एक बाजू मैं, तो उड़ेगा." जुन्या पोथ्यांत नवरा-बायकोला या पाखराची उपमा देतात, म्हणाला. लहानपणी हे अक्षर चुकलं म्हणून मास्तरांनी त्याला छडीने मारलं होतं. परीक्षा द्यायची, मोठा अंमलदार व्हायचं, म्हणून तो हजारो अक्षरं शिकला. मग परीक्षाच बंद पडल्या आणि पाठीवर गाठोडं आलं. "मैं सोचा, झूठा पक्षी. किताब का पक्षी. ऐसा होता नहीं." त्याने माळ्याच्या दिशेने बोट केलं. "यहाँ देखा. पत्थर मारता था!"

त्याला पुन्हा हसू आलं, पण या वेळी ते मधेच थांबलं. त्याच्या बायकोला पाहून अकरा वर्षं झाली होती, हे त्याने कागदाकडे बघत सांगितलं.

मी फुवांकडे पाहिलं, तर ते कधी नव्हे ते एकही प्रश्न विचारत नव्हते. मग फुई बाहेर आली. परक्या पुरुषापुढे तिने पदर मागे सारला, डाव्या डोळ्यावरून सुद्धा, आणि पाहुण्यासमोर भाकरीचं ताट ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "एक डोया मन्हा कमी, एक हात त्यास्ना कमी. पाखरू बराबर शे." मग कोपऱ्यातली गोफण उचलून, धूळ झटकत, फुवांच्या अंगावरून ओसरीखाली उतरली. "आयकी ऱ्हायनात का? चाला. चार साल पाखरे खाई ऱ्हायनात."

यानंतरची गोष्ट सांगायला मला थोडा संकोच वाटतो, पण सांगतो. फुवांपुढे अजून एक कोडं उरलं होतं. ज्येन खरं की कीम खरं? एकाला खोटं ठरवायला मन घेईना. ज्येन सांगणारा शिकलेला होता, आणि कीमसाठी दाढ गेली होती. पाखराची चार नावं चार बोटांवर मोजणाऱ्या त्या माणसाने शेवटी जो तोडगा काढला तो कुठल्या पंडिताला सुचला नसता. त्यांनी दोन्ही नावं घरात ठेवून घेतली. फुईला ते ज्येन म्हणू लागले, आणि फुई त्यांना कीम. नवऱ्याचं नाव घेण्याचा दोष नाही, कारण हे नाव त्यांचं नव्हतंच, पाखराचं होतं. चाळिशी कधीच ओलांडलेली ती दोन माणसं पहिल्यांदा एकमेकांना नावाने हाका मारत होती. माळ्यावरून फुईची आरोळी येई, "कीऽऽम!" आणि विहिरीवरून फुवांची ओ येई, "ज्येऽऽन!"

कोरीटच्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची समजूत झाली, की पाखरं हाकायची ही काहीतरी नवी आरोळी आहे, चिन्याने शिकवलेली. फुवांच्या शेतातून आरोळी उठली की थवा उडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हां हां म्हणता सगळ्या शिवारात ती पसरली. हिवाळ्याच्या सकाळी प्रत्येक माळ्यावरून बायाबापड्या गळा काढून ओरडू लागल्या, "कीऽऽम! ज्येऽऽन!" जुन्या चिनी पोथ्यांतलं ते दुर्मीळ पाखरू कोरीटच्या ज्वारीवरून दिवसभर घिरट्या घालू लागलं, आणि फुवा-फुई आपल्या माळ्यावर एकमेकांकडे बघून लहान मुलांसारखी हसत. गुपित त्यांनी फोडलं नाही. मीही आजवर फोडलं नव्हतं.

फुई गेली ती गेल्याच्या गेल्या वर्षी, भर उन्हाळ्यात. आधी आठ दिवस मी तिच्या उशाशी होतो. फुवा पाणी आणायला उठले तेव्हा ती हळूच म्हणाली, "बापू, माले समजत नही का? ते डावं म्हनेत, पाखरू उजवं ऱ्हाये. फडफड आयकू ये ना."

मी चाट पडलो. "मग तू काही बोलली नाहीस कधी?"

"त्यास्ना जीव भलता मऊ शे," ती म्हणाली. "माले बी कोठे मारनं व्हतं?" तेवढ्यात फुवा आले आणि नेहमीप्रमाणे तिच्या डाव्या बाजूला बसले.

त्या हिवाळ्यात मी कोरीटला गेलो तर घराला कडी. शेतात गेलो. दादर दाण्यावर आली होती. माळ्यावर फुवा एकटेच बसले होते, उजव्या कडेला सरकून, आणि डावीकडची, त्यांची नेहमीची जागा मोकळी होती. ते फुईच्या जागेवर बसले होते. गोफण खुंटीला होती. समोर थवा उतरला होता आणि मनसोक्त दाणे टिपत होता. मी वर चढलो, शेजारी बसलो. पाखरांबद्दल दोन-चार प्रश्न मीच विचारून पाहिले. या माणसाला मी कधी प्रश्न विचारीन असं मला वाटलं नव्हतं. ते नुसते मान हलवत राहिले.

ऊन जरा चढलं. दोन शेतं पलीकडे कुणाची तरी सून माळ्यावर चढली असावी. दिसत नव्हती, पण आवाज खणखणीत होता. तिने गोफण फिरवली असेल, आणि आपल्या सासूकडून शिकलेली आरोळी दिली.

"कीऽऽऽम!"

शिवारभर ती घुमली. आमच्या समोरचा थवा भुर्रकन उठला. फुवांनी मान वर केली, पागोटं सावरलं, आणि अगदी हळू, मला ऐकू यावं एवढ्याच आवाजात, म्हणाले,

"ओ."